एका मोटारीचा जीर्णोद्धार, दुसरीचे देहदान

श्रोतेहो, जुना वाडा पाडला जातो तेव्हा काय होते, हे इंदूर-बडोद्याकडील मंडळींना सांगावयास नको. त्याचे सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी हे सारे कोणी सरपणाला नेत नाही. दुसरा कोणी वाडेवाला ते सामान विकत घेतो आणि आपल्या घराचा कुजलेला भाग त्याने भरून काढतो. पडलेला वाडा अशा रीतीने उभ्या वाड्यात अंशरूपाने शिल्लक राहतो. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो याच जातीचा आहे. फरक इतकाच की येथे वाड्याच्या जागी मोटार आहे आणि देश अमेरिका आहे. तेथे गेल्या चाळीसएक वर्षांत जुन्या ‘मसल कार’ नावाच्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांचा एक मोठा संप्रदायच उभा राहिला आहे, आणि त्यातील बहुतेक मोटारींच्या मागे एक अनाम, मोडीत निघालेली दुसरी मोटार उभी असते. त्या दुसरीचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

‘मसल कार’ याचे ‘पीळदार मोटार’ असे भाषांतर करता येईल, पण ते उच्चारताना हसू आवरत नाही, म्हणून मूळ शब्दच वापरतो. मध्यम आकाराची, दोन दारांची, बेताच्या किमतीची मोटार घ्यावयाची आणि तिच्या बोनेटखाली थोरल्या मोटारीचे आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवावयाचे, एवढीच तिची व्याख्या. वळणावर ती फारशी शहाण्यासारखी वागत नसे आणि तिचे ब्रेकही इंजिनाच्या तोलाचे नसत. परंतु सरळ रस्त्यावर, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत, तिच्यापुढे जाणे भल्याभल्यांना जमत नसे. आणि तिच्या तरुण गिऱ्हाइकाला तेवढेच हवे होते.

या घराण्याचे मूळ पुरुष कोण याविषयी रसिकांत वाद आहेत. तथापि घराण्याला नाव आणि रूप दिले ते पाँटिअ‍ॅकच्या ‘जीटीओ’ या मोटारीने, असे बहुतेक मानतात. तिची जन्मकथा मोठी मौजेची आहे. पाँटिअ‍ॅक हा जनरल मोटर्स या कंपनीचा एक विभाग. १९६३ च्या जानेवारीत कंपनीने आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम सोडला. पाँटिअ‍ॅकची तर सारी प्रतिष्ठा शर्यतींवर उभी होती. त्यांचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी हे टेम्पेस्ट नावाची मध्यम मोटार तपासीत असता कॉलिन्स यांच्या ध्यानात आले की, या मोटारीचे ३२६ घनइंचांचे इंजिन आणि बॉनव्हिलसारख्या थोरल्या मोटारींचे ३८९ घनइंचांचे इंजिन बाहेरून एकाच मापाचे आहे. इंजिन ज्यावर बसते ते आधारही तेच. म्हणजे एक उचलून दुसरे ठेवणे हे काही मिनिटांचे काम. ३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपल्याकडील साध्या मोटारीचे इंजिन सव्वा-दीड लिटरच्या आत असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दांडगाईची कल्पना येईल.

अडचण एकच होती. मध्यम मोटारीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये असा कंपनीचा नियम होता. या मंडळींनी नियम मोडला नाही, त्याला बगल दिली. नियम मोटारींच्या नमुन्यांना लागू होता. गिऱ्हाइकाने वेगळे पैसे देऊन मागावयाच्या जोडसामानाला तो लागू नव्हता. तेव्हा ‘जीटीओ’ हा नमुना नसून टेम्पेस्ट-लेमान्स मोटारीवर सुमारे २९५ डॉलरांत मिळणारा एक ‘पर्याय’ आहे, असे ठरविण्यात आले. विभागाचे प्रमुख पीट एस्टेस यांनी संमती दिली. विक्रीखात्याला मात्र विश्वास नव्हता; पाच हजारांपुढे जाऊ नये असे त्यांचे मत पडले. १९६४ या पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि १९६६ मध्ये हा आकडा ९६,९४६ वर गेला. नावदेखील फेरारी या इटालियन कारखान्याच्या शर्यतीच्या मोटारीवरून सरळ उचललेले होते, आणि त्याबद्दल जुन्या मोटारप्रेमींनी बोटेही मोडली.

या कथेतील एक गोष्ट श्रोत्यांनी मनात ठेवावी, कारण पुढे सारे तिच्याभोवती फिरणार आहे. जीटीओचा जन्मच मुळी एका मोटारीचा भाग दुसरीत चपखल बसतो या शोधातून झाला. तिला आज जिवंत ठेवणारी विद्या तीच आहे; आणि तिची खोटी नक्कल करणाऱ्यांची विद्याही तीच आहे.

जीटीओच्या मागोमाग सर्वच कारखाने या शर्यतीत उतरले. शेव्हरलेची शेव्हेल, डॉजची चार्जर, प्लिमथची रोडरनर आणि बाराकुडा अशी नावे गाजली. क्रायस्लर कंपनीने ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन १९६४ मध्ये प्रथम शर्यतीसाठी काढले आणि त्याच वर्षी डेटोना येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत रिचर्ड पेटी यांनी ते घेऊन विजय मिळविला. १९६६ पासून ते सामान्य गिऱ्हाइकालाही मिळू लागले. पण हा सारा खेळ दहा वर्षांत आटोपला. विमा कंपन्यांनी तरुणांच्या हप्त्यांत भरमसाट वाढ केली. १९७० मध्ये हवाशुद्धीचा कायदा झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सने शिसे कमी असलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणून आपल्या इंजिनांचा दाब उतरविला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पेट्रोलच्या पंपांपुढे रांगा लागल्या. १९७४ ची जीटीओ ही त्या मूळ परंपरेतील शेवटची.

आणि मग त्या गाड्यांचे दिवस फिरले. गॅलनला जेमतेम दहा-बारा मैल देणारी मोटार कोणाला हवी होती? एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशा त्या उतरत गेल्या आणि शेवटी भंगाराच्या आवारात येऊन पडल्या. ही आवारे म्हणजे आपल्याकडील कुर्ल्याच्या मोटारबाजाराची शेकडो पटींनी वाढलेली आवृत्ती. उघड्या माळावर ओळीने गाड्या उभ्या. ज्याला जो भाग हवा तो त्याने काढून न्यावा. पण या आवारांवरही दोन बाजूंनी संक्रांत आली. १९६५ मध्ये महामार्गांच्या सुशोभनाचा कायदा झाला. त्यामागे अध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांचा आग्रह होता. त्या कायद्याने हमरस्त्यालगतची भंगाराची आवारे झाकावीत किंवा हलवावीत असे ठरले. त्याच काळात अख्खी मोटार गिळून तिचे मुठीएवढे तुकडे करणारी यंत्रे प्रसार पावली. पूर्वी एक मोटार मोडावयाची तर माणसे खपावी लागत, आता एका मिनिटात ती पोलादभट्टीच्या खाद्यात जमा होऊ लागली. जुन्या मोटारींचा खरा संहार रस्त्यावर झाला नाही, तो येथे झाला. दूरचित्रवाणीनेही आपला वाटा उचलला. १९७९ ते १९८५ या काळात चाललेल्या ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या मालिकेत नारिंगी रंगाची डॉज चार्जर दर भागात हवेत उडे. उडालेली गाडी पुन्हा उपयोगाची राहत नसे. मालिकेपायी अशा शेकडो गाड्या खर्ची पडल्या. आज त्यांतील एकेका सांगाड्यासाठी लोक देशभर हिंडतात, याला काय म्हणावे!

आमच्या देशाशी या मोटारींचा थेट संबंध फारसा आला नाही. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने १९४७ मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ मोटारी बांधण्यास आरंभ केला. म्हणजे मसल कारचे आजोबा आमच्या रस्त्यांवर धावले, नातू मात्र आले नाहीत. पण त्या आजोबांना आमच्या फिटरमंडळींनी जे दीर्घायुष्य दिले, ते याच विद्येने. एका डॉजचा गिअरबॉक्स दुसरीला, तिसरीची दारे पहिलीला, आणि पेट्रोल परवडेनासे झाले की डिझेलचे इंजिन. अमेरिकेत जो छंद आहे तो आमच्याकडे पोटापाण्याचा व्यवहार होता, एवढाच भेद.

आता जीर्णोद्धाराच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. १९८० च्या सुमारास, तारुण्यात जी मोटार घेता आली नाही ती घेण्याइतका पैसा एका पिढीच्या हाती आला आणि मसल कार पुन्हा मोलाची झाली. लिलावांत किमती चढत गेल्या. २०१४ मध्ये १९७१ ची एक उघड्या टपाची हेमी बाराकुडा ३५ लाख डॉलरांस विकली गेली. तशा गाड्या मोजून अकरा बांधल्या गेल्या असे मानतात. हे टोकाचे उदाहरण झाले. सामान्य छांदिष्टाच्या वाट्याला येते ती कुठल्यातरी कोठारामागे वीस-तीस वर्षे पडून राहिलेली, तळ गंजून गेलेली, निम्मे सामान हरवलेली जीटीओ. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ चाकांमागील पत्रा, डिकीचा तळ, पायाखालचा तळ आणि मागील काचेच्या कडा आतून खाऊन टाकते. वरून रंग शाबूत दिसतो आणि बोट दाबले की आरपार जाते.

आज यांतील बराच पत्रा नवा बनवून मिळतो. १९६९ च्या कॅमेरो मोटारीचा तर संपूर्ण सांगाडा नवा कोरा विकत घेता येतो. मग जुनी मोटार कशाला मोडावयाची, असे कोणी विचारील. उत्तर असे की, मोटार पत्र्यांची बनलेली असली तरी ती बारीकसारीक वस्तूंनी उभी राहते. आसनाच्या खालची सरकपट्टी, वायपरच्या दांड्या, हवा खेळविण्याची पेटी, सुकाणूचा दांडा, बोनेटच्या बिजागऱ्या, इंजिनाला टेकू देणारे कोन आणि शेकडो खास मापाचे बोल्ट व चिमटे. यांतील पुष्कळ वस्तू कोणी नव्याने करीत नाही, आणि करतात त्या नेमक्या बसत नाहीत. एकेक वस्तू शोधीत बसले तर वर्षे जातात आणि पैसाही मोटारीहून अधिक जातो. म्हणून जाणते लोक आरंभीच एक दुसरी मोटार घेतात. ती बहुधा चार दारांची टेम्पेस्ट किंवा लेमान्स असते, जिच्यासाठी कोणी लिलावात हात वर करीत नाही. नैर्ऋत्येकडील कोरड्या मुलखातील, म्हणजे ॲरिझोनासारख्या प्रांतातील असली तर उत्तम. तेथे उन्हाने रबर आणि आसने भाजून निघतात, पण पत्रा धड राहतो.

कशाला काय बसते हे सांगणारे मोठे सूचिग्रंथ त्या देशात आहेत. भंगारवाल्यांसाठी हॉलंडर कंपनीने छापलेल्या या सूचींत प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला असतो आणि तो क्रमांक कोणकोणत्या मोटारींत सारखा आहे हे नोंदलेले असते. पण सूची वाचतानाही डोके जागे ठेवावे लागते. १९६४ ते १९६७ पर्यंत दोन दारांच्या आणि चार दारांच्या टेम्पेस्टच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सारखेच, ११५ इंच होते. १९६८ मध्ये कारखान्याने ते बदलले. दोन दारांच्या गाडीला ११२ इंच आणि चार दारांच्या गाडीला ११६ इंच. तेव्हा त्या वर्षापुढील चार दारांच्या गाडीची चासी जीटीओखाली जात नाही. तिचे ब्रेक, पुढची चाके तोलणारे भुज आणि असे बरेच सामान मात्र घेता येते. दारे तर कोणत्याच वर्षी जुळत नाहीत. उघड्या टपाच्या गाडीची चासी चारी बाजूंनी बंद पेटीसारखी, अधिक भक्कम असते, आणि छपराच्या गाडीची एका बाजूने उघडी. हे न पाहता चासी विकत घेणारे पस्तावलेले आहेत.

मोडण्याचे काम हे तोडण्याचे काम नव्हे, ते उत्खननाचे काम आहे, असे मला वाटते. पुराणवस्तुसंशोधक जसा थर काढताना त्याची जागा टिपून ठेवतो, तसाच हा माणूस बोल्ट काढण्याआधी छायाचित्र घेतो, बोल्ट पिशवीत घालतो आणि पिशवीवर नाव लिहितो. गंजलेल्या नटांवर दोन-चार दिवस आधीपासून तेल सोडीत राहावे लागते. घाईने पाना लावला तर बोल्टचे डोके हातात येते. काचा आधी काढावयाच्या. वायरिंग कापावयाचे नाही, प्रत्येक जोड सोडवून अख्खा जुडगा बाहेर घ्यावयाचा. शरीराचा पत्रा हवा असेल तर कारखान्यातील वेल्डिंगचे ठिपके एकेक करून भोके पाडून सोडवावयाचे, किंवा हवा त्याहून हातभर अधिक पत्रा कापून आणावयाचा. कमी करणे नंतर केव्हाही जमते. या कामात एक लाभ असा की दुसरी मोटार ही पहिलीचे चालतेबोलते पुस्तक ठरते. पहिली कोणीतरी आधीच उघडून विस्कटलेली असते. अमुक तार कोणत्या बाजूने जात होती, अमुक कोन कोणत्या बोल्टाखाली होता, हे दुसऱ्या, कोणीही हात न लावलेल्या मोटारीत पाहता येते. सामान काढून घेतल्यावर हे पुस्तक पुन्हा वाचता येत नाही, म्हणून शहाणा माणूस ते आधी नीट वाचून घेतो.

येथवर सारे सरळ आहे. गुंता पुढे आहे. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ कागदोपत्री ‘पर्याय’ असल्यामुळे तिच्या ओळख-क्रमांकात ती जीटीओ असल्याची खूण नाही. तो क्रमांक लेमान्सचाच. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र नमुना झाली आणि तेव्हापासून क्रमांकाचा आरंभ २४२ या आकड्यांनी होऊ लागला. म्हणजे पहिल्या दोन वर्षांची साधी लेमान्स घ्यावी, तिला ३८९ चे इंजिन, जाळी आणि अक्षरे चढवावीत, की क्रमांक पाहून कोणास काही कळावयाचे नाही. नियमाला दिलेल्या बगलेने तीस-चाळीस वर्षांनंतर लबाडांना अशी मोकळी वाट करून दिली. सुदैवाने पाँटिअ‍ॅकच्या मूळ नोंदी शिल्लक आहेत आणि शुल्क भरल्यास त्यांच्या प्रती मिळतात. चार हजार मैलांवरून गाडी विकत घेणाराही आज त्या कागदाशिवाय बोलणे करीत नाही.

दुसरा प्रकार अधिक नाजूक आहे. खऱ्या जीटीओचा सांगाडा पार गंजला आहे आणि शेजारी त्याच जातीच्या साध्या मोटारीचा सांगाडा निरोगी उभा आहे. तेव्हा खरीचा क्रमांकपट्टा काढून दुसरीवर ठोकावा, असा मोह होतो. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने जाणूनबुजून क्रमांक काढणे किंवा बदलणे हा गुन्हा ठरविला आहे. खऱ्याखुऱ्या दुरुस्तीसाठी काढावा लागला तर सूट आहे. पण दुरुस्ती कोठे संपते आणि दुसरीच मोटार कोठे सुरू होते? तळ बदलला, मागचे पत्रे बदलले, चासी बदलली, इंजिन बदलले, तरी ती तीच का? वाड्याचे उदाहरण येथे पुरे पडत नाही, कारण वाड्याची जमीन बदलत नाही आणि मोटारीला जमीन नाही. माझे स्वतःचे मत असे की, बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवून ती विकत घेणाऱ्याच्या हाती दिली, तर भाग कितीही बदलोत, त्यात अप्रामाणिकपणा नाही. आणि एकच क्रमांकपट्टा गुपचूप हलविला तर बाकी सारे मूळचे असूनही ती गाडी खोटी आहे. बाजार मात्र उलट न्यायाने चालतो. इंजिनावर कोरलेला आकडा सांगाड्याच्या आकड्याशी जुळला की किंमत दुप्पट होते, आणि त्यामुळे इंजिनावरील आकडा घासून नवा कोरणाऱ्यांचाही एक धंदा उभा राहिला आहे.

या साऱ्यात एक हानी होत आहे, तिच्याकडे अजून कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. १९६६ मधील सामान्य अमेरिकन कुटुंब जीटीओ चालवीत नव्हते. ते चार दारांची टेम्पेस्ट किंवा सामानाची लांबट मोटार चालवीत होते. त्या गाड्या लाखांनी बांधल्या गेल्या, आणि आज त्या जीटीओसाठी मोडल्या जातात. आणखी काही वर्षांनी असे होईल की, त्या काळातील दहा रस्त्यांवरील एक गाडी चकचकीत अवस्थेत संग्रहालयात असेल आणि बाकीच्या नऊ कशा होत्या हे पाहावयास एकही उरणार नाही. राजवाडे जपावे आणि त्यांच्या डागडुजीसाठी गावातली घरे उपसावी, तसाच हा प्रकार आहे. म्हणून धड, चालती, एकाच कुटुंबात राहिलेली चारदारी मोटार केवळ तिच्या पुढच्या पत्र्यासाठी कापू नये, अशी भूमिका काही जुने छांदिष्ट घेऊ लागले आहेत, ती मला रास्त वाटते. जी आधीच अपघातात मोडली आहे, पुरात बुडाली आहे किंवा जिची कागदपत्रे कायमची हरवली आहेत तिनेच देहदान करावे.

सामान काढून झाले की सांगाडा भंगाराच्या यंत्राकडे जातो. तत्पूर्वी त्याची एक शेवटची झडती घेण्याची रीत आहे. कारखान्यात प्रत्येक मोटारीबरोबर तिच्यात काय काय बसवावयाचे याचा एक छापील कागद फिरत असे. क्रायस्लरच्या मोटारींच्या बाबतीत त्या कागदाला ‘ब्रॉडकास्ट शीट’ म्हणतात. आकाशवाणीवरून बोलणाऱ्याला हे नाव अर्थातच आवडावे! काम संपल्यावर कामगार तो कागद आसनाच्या स्प्रिंगांत खोचून देत. जनरल मोटर्सच्या मोटारींत तो कधी पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावरही सापडतो. आणि गंमत अशी की घाईगर्दीत तो कागद नेहमी त्याच मोटारीत जाई असे नाही. रांगेत पुढेमागे असलेल्या दुसऱ्याच एखाद्या मोटारीचा कागद तेथे निघतो. त्यामुळे चार दारांच्या साध्या गाडीच्या आसनाखाली एखाद्या नामांकित मोटारीचा जन्मदाखला दडलेला असण्याचा संभव असतो. ती मोटार आज कोठेतरी दुसऱ्याच राज्यात, दाखल्याविना उभी असते. म्हणून सांगाडा ओढून नेणारी गाडी दाराशी आली तरी तिला थोडा वेळ थांबवून आसने उलटी करून पाहतात, उंदरांनी कुरतडलेले जे काही कपटे निघतील ते सपाट करून दोन काचांमध्ये ठेवतात, आणि त्यांवरील क्रमांक वाचता आला तर त्या क्रमांकाच्या मोटारीच्या मालकाचा शोध सुरू होतो.